लक्ष नव्हतं

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. तिच्यात जुनी रेशनकार्डं, विम्याचे कागद, महापालिकेचा सायकलचा पितळी बिल्ला आणि घड्यांवर फाटत चाललेली चार पानं होती. ही पानं म्हणजे माझ्या काकांच्या मृत्यूच्या खटल्यातल्या निकालाची नक्कल. काका १९७४ साली गेले. सकाळी खडकीला कामावर जाताना मागून आलेल्या ट्रकने त्यांच्या सायकलला धडक दिली. क्लिनरच्या साक्षीनुसार चालक बिडी पेटवत होता. पहिली काडी विझली, म्हणून त्याने दुसरी ओढली. त्यासाठी मान खाली घातली, आणि तेवढ्यात सगळं झालं. चालकाने कोर्टात एकच वाक्य सांगितलं : 'माझं लक्ष नव्हतं.'

भारतीय दंड विधानाच्या कलम २७९ आणि ३०४-अ खाली तो दोषी ठरला. पहिलाच गुन्हा, गरिबी आणि घरी लहान मुलं या गोष्टी ध्यानात घेऊन त्याला कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि पाचशे रुपये दंड झाला. म्हणजे संध्याकाळपर्यंत तो कोर्टातल्या बाकावर बसून राहिला आणि मग घरी गेला. आजीने तेव्हा त्याला फाशी मागितली होती असं घरात सांगत. काकू काही बोलली नव्हती.

मी कायद्याचा माणूस नाही, आयुष्यभर इतिहास शिकवत आलो. त्या चार पानांनी मला एका प्रश्नाच्या मागे लावलं. ज्याच्या मनात मारायचं नव्हतं, पण ज्याच्या हातून माणूस मेला, त्याला योग्य शिक्षा कोणती? २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात भरधाव मोटारीखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा हाच प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने विचारला. ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. पण लोकांना संताप आला तो त्या तराजूचा. एका पारड्यात दोन जीव आणि दुसऱ्यात तीनशे शब्द. काकांच्या वेळी दुसऱ्या पारड्यात पाचशे रुपये होते. हा तराजू कुठून आला, ते मी शोधत गेलो.

१

वाहनाखाली माणूस मेला तर काय करायचं, हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीवानाविषयी काही श्लोक आहेत. हा ग्रंथ १९२७ साली महाडला का जाळला गेला ते मला ठाऊक आहे, आणि प्रमाण म्हणून मी तो पुढे करत नाही. पण जुन्या काळी लोक कसा विचार करत, याचा तो पुरावा आहे. गाडीवानाला दंड होऊ नये असे दहा प्रसंग तिथे मोजले आहेत. वेसण तुटली, जू मोडलं, आस किंवा चाक मोडलं, गाडी आडवी किंवा मागे गेली, दोर तुटले, अशी ती यादी आहे. शेवटचा प्रसंग असा : गाडीवानाने 'बाजूला व्हा' अशी आरोळी दिली असेल तर त्याला दोष नाही.

मोडलेला आस ही यांत्रिक सबब झाली. आरोळी मात्र चालकाची जबाबदारी रस्त्यावरच्या माणसाकडे सरकवते. मी ओरडलो होतो, तू हलला नाहीस. आजही अपघातानंतर 'मी हॉर्न दिला होता' हेच वाक्य आधी ऐकू येतं. आरोळीची जागा हॉर्नने घेतली, सबब तीच राहिली.

त्याच श्लोकांत दुसरीही एक गोष्ट आहे. गाडीवान अडाणी असेल तर दंड मालकाला, आणि गाडीत बसलेल्या इतरांनाही. तो तरबेज असेल तर दंड त्यालाच. ज्याला येतं त्याच्याकडून अपेक्षा जास्त, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती कासरा देणारा गुन्हेगार, हा विचार त्यात आहे. आपल्याकडे मालकाला जाब विचारण्याची पाळी क्वचितच येते. काकांच्या खटल्यात ट्रकच्या मालकाचं नाव फक्त गाडीच्या कागदपत्रांत आहे.

२

इंग्रजी कायद्याने शतकानुशतकं वेगळाच मार्ग धरला होता. माणूस ज्या वस्तूमुळे मेला ती वस्तूच दोषी. चाक असो, बैल असो, गाडी असो, ती किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची. या प्रथेला 'डीओडँड' म्हणत. मूळ लॅटिन अर्थ, देवाला द्यायची वस्तू. आगगाडी येईपर्यंत हे सगळं चाललं. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंग इथे आगगाडीचा भीषण अपघात झाला आणि ज्युरीने त्या गाडीवर एक हजार पौंडांचा डीओडँड लावला. रेल्वे कंपन्या आणि भांडवलदार हादरले. १८४६ साली ही प्रथा रद्द झाली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. भारतात तशाच धर्तीचा कायदा १८५५ साली आला, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावल्यानंतर दोन वर्षांनी.

कुटुंबाला हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट होती. पण तेव्हापासून एका मृत्यूचे दोन खटले झाले. फौजदारी कोर्टात शिक्षा आणि दिवाणीत पैसे. एका खोलीत चालक, दुसऱ्या खोलीत विधवा. आपल्याकडे १९४६ पासून तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा झाला आणि १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. चालकाची चूक सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मिळण्याची सोय १९८२ साली आली. मृत्यूसाठी ती रक्कम पंधरा हजार रुपये होती. काकूला तिचा उपयोग नव्हता. तिच्या दाव्यात चूक सिद्ध करावी लागली आणि त्यात सहा वर्षं गेली. पैसे विमा कंपनीने दिले. चालकाचा आणि तिचा पुन्हा कधी संबंध आला नाही.

डीओडँड कायद्यातून गेला तरी लोकांच्या मनातून गेलेला नाही. अपघातानंतर जमाव बस जाळतो, ट्रकच्या काचा फोडतो, तेव्हा तो त्या वस्तूलाच शिक्षा देत असतो. हे समर्थनीय नाही. पण त्या रागात एक आठवण आहे की ज्या यंत्राने जीव घेतला, ते दुसऱ्या दिवशी तसंच रस्त्यावर धावू नये.

३

आता त्या चार पानांवरच्या कलमाकडे येतो. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली केलेल्या मसुद्यात बेदरकारपणाने किंवा हयगयीने मृत्यू घडवण्यासाठी कलम होतं. कमाल शिक्षा दोन वर्षं. १८६० साली दंड विधान मंजूर झालं तेव्हा ते कलम त्यात नव्हतं. १८७० साली दुरुस्ती करून ३०४-अ घातलं गेलं. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा रस्त्यावर घोडागाड्या आणि बैलगाड्या होत्या. मोटारी आल्या, ट्रक आले, द्रुतगती मार्ग आले, आणि २०२४ च्या ३० जूनपर्यंत कमाल शिक्षा दोनच वर्षं राहिली.

कलमात दोन शब्द आहेत, बेदरकारपणा आणि हयगय. १८७२ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हॉलोवे यांनी त्यांतला फरक उलगडून सांगितला. परिणाम वाईट होऊ शकतो याची जाणीव आहे, पण होणार नाही अशी आशा धरून माणूस कृती करतो, तो बेदरकारपणा. ती जाणीवच नसते, पण जी खबरदारी घ्यायला हवी होती ती घेतलेली नसते, ती हयगय. पहिल्यात माणूस धोका पाहतो आणि पुढे जातो. दुसऱ्यात तो पाहतच नाही.

हे वाचताना मी पुन्हा त्या बिडीपाशी आलो. चालत्या ट्रकमध्ये मान खाली घालून काडी ओढणं यांपैकी काय? न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला हयगय म्हटलं, आणि 'लक्ष नव्हतं' या वाक्याने तो निष्कर्ष सोपा केला. मराठीत आपण म्हणतो, 'लक्ष गेलं', 'लक्ष नव्हतं', 'अपघात झाला'. ही वाक्यं कर्त्याशिवाय चालतात. लक्ष जणू पाखरासारखं आपसूक उडून जातं. दुसरी काडी ओढणाऱ्याचं लक्ष मात्र गेलं नव्हतं. त्याने ते रस्त्यावरून काढून बिडीवर लावलं होतं. रस्ता आपल्याला दिसत नाही हे त्या क्षणी त्याला माहीत होतं, आणि तेवढ्यात काही होणार नाही अशी आशा होती. हॉलोवेंच्या व्याख्येने हा बेदरकारपणा आहे.

फोनच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे. माझाच अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी मोटार चालवत असताना मांडीवर ठेवलेला फोन वाजला. मी खाली पाहिलं, नाव वाचलं, आणि वर पाहिलं तेव्हा एक शाळकरी मुलगी सायकलवरून माझ्या डाव्या आरशाला घासून पुढे गेली होती. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ बसून राहिलो. ती मेली असती तर मीही म्हणालो असतो, लक्ष नव्हतं. ते खोटं ठरलं असतं. फोन घेऊ नये हे मला नाव वाचण्याआधी माहीत होतं.

इंग्लंडमध्ये हा पेच दुसऱ्या अंगाने आला. अँड्र्यूज खटल्यात १९३७ साली लॉर्ड अॅटकिन यांनी सांगितलं की नुकसानभरपाईसाठी साधी निष्काळजी पुरते, पण मनुष्यवधाच्या गुन्ह्याला फार वरच्या पायरीची बेफिकिरी लागते. त्यातच ज्युरी चालकांना मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवायला तयार नसत. ज्युरीतले बरेचजण स्वतः गाडी चालवणारे होते, आरोपीच्या जागी त्यांना आपण दिसत. म्हणून १९५६ साली धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा वेगळा गुन्हा करावा लागला, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. पुढे ती शिक्षा चौदा वर्षांवर आणि २०२२ मध्ये जन्मठेपेपर्यंत गेली. ज्युरीच्या त्या अडचणीबद्दल मी हसू शकत नाही. मोटार थांबवून बसलो होतो तेव्हा मीही त्याच बाकावर होतो.

४

या इतिहासात सायकलस्वार कुठे आहे? अमेरिकेतल्या नोंदलेल्या पहिल्या मोटार अपघातांपैकी एकात तोच सापडतो. १८९६ च्या ३० मे रोजी न्यूयॉर्कमध्ये एका मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली. पाय मोडला, आणि चालकाने रात्र कोठडीत काढली. तीनच महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली मेली. ज्युरीने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला आणि असं पुन्हा घडू नये अशी आशा मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केली.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. त्या काळातल्या रस्त्यावरच्या शिस्तीची आठवण काढली की शिक्षा झालेल्या सायकलवाल्यांच्याच गोष्टी निघतात. रात्री दिवा नाही म्हणून पकडलं, डबलसीट म्हणून हवा सोडली, बिल्ला नाही म्हणून सायकल चौकीत जमा केली. काका डायनॅमोचा दिवा नेहमी नीट ठेवत, कारण एकदा त्यांना दंड झाला होता. सायकलस्वाराच्या चुकीला लगेच आणि नक्की शिक्षा होत असे. त्याला मारणाऱ्याचा खटला मात्र तीन वर्षं चालला. आज रस्त्यांवर सायकली उरल्या आहेत त्या बहुतेक रखवालदारांच्या, दूधवाल्यांच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या आणि शाळकरी मुलांच्या. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत सायकलस्वार चार हजार आठशेच्या घरात होते. त्यांच्यासाठी महागडा वकील उभा राहिल्याचं क्वचितच दिसतं.

५

सर्वोच्च न्यायालयाने हे पाहिलं नाही असं नाही. १९७९ साली रतनसिंग खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ट्रकचालकाची दोन वर्षांची कैद कायम ठेवली, पण बळी पडलेल्या कुटुंबाचं दुःख आपल्या फौजदारी कायद्याच्या नजरेतून सुटतं, ही त्यातली उणीव आहे, असंही नोंदवलं. २००० साली दलबीरसिंग खटल्यात बसच्या धडकेने सायकलस्वार मेला होता. चालकाने प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सुटका मागितली. न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांनी नकार दिला. पकडलो गेलो तरी कोर्ट सौम्यपणे घेईल, हा हिशेब चालकाच्या मनात राहू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०१५ च्या सौरभ बक्षी खटल्यात उच्च न्यायालयाने भरपाईच्या बदल्यात एका वर्षाची शिक्षा चोवीस दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि शिक्षेच्या धोरणाचा फेरविचार व्हावा असं सांगितलं.

२०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं हे धोकादायक चालवणं ठरलं. पुढे भारतीय न्याय संहिता आली. १ जुलै २०२४ पासून कलम १०६ खाली हयगयीच्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. धडक देऊन न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारं पोटकलमही लिहिलं गेलं. २०२४ च्या जानेवारीत त्याविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि कायदा लागू झाला तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं. त्यांची भीती खोटी नव्हती.

मग माझ्या लक्षात आलं की १८३७ पासूनचा सगळा वाद वर्षांच्या आकड्यावर चालला आहे. दोन, पाच, दहा. आकडा वाढला की न्यायाधीशाचा हात आखडतो, साक्षीदार फिरतात, तडजोडी होतात. आकडा लहान असला की संध्याकाळी कोर्ट उठतं.

६

शिक्षेचा प्रश्न दुसऱ्या रीतीने विचारणारा एक देश माझ्या वाचनात आला, नेदरलँड्स. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती. ज्याची लहान मुलगी रस्त्यावर मेली अशा एका पत्रकाराच्या लेखातून 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाची चळवळ उभी राहिली. तिने अपघात हा शब्दच नाकारला. त्या काळातल्या अशा दबावातून पुढे रस्ते बदलले, सायकलींना वेगळी वाट मिळाली, वस्त्यांमधला वेग उतरला.

तिथला भरपाईचा नियम असा : मोटार आणि सायकल यांची धडक झाली तर, टाळताच न येण्यासारखं कारण सिद्ध केल्याखेरीज, मोटारवाला जबाबदार. चौदा वर्षांखालच्या मुलाची चूक तर जवळजवळ मोजतच नाहीत. जड यंत्र चालवणाऱ्याने जास्त जबाबदारी घ्यायची, हे सूत्र. फौजदारी शिक्षेत केवळ बेसावधपणा असेल तेव्हा बहुतेकदा समाजसेवेचं काम आणि वाहन चालवायला बंदी असते, तुरुंग टोकाच्या बेदरकारपणासाठी. आपल्या न्याय संहितेतही समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली आहे, पण मोजक्या किरकोळ गुन्ह्यांसाठी. कलम १०६ त्यांत नाही.

एवढं फिरून मी ज्या मताला आलो ते सांगतो. फोन पाहणाऱ्याचा गुन्हा लक्ष काढून घेण्याचा आहे, म्हणून तो हयगयीपेक्षा वरचा धरला जावा. आणि शिक्षा त्या गुन्ह्याशी जुळणारी हवी. ज्याने सुकाणूवरून लक्ष काढलं, त्याच्या हातून सुकाणू बरीच वर्षं जावं. परवाना काढून घेण्याचा अधिकार आपल्या न्यायालयांना आहे. तो अपवाद म्हणून न वापरता नियम म्हणून वापरावा. पोटासाठी चालवणाऱ्यावर हे जड आहे हे मी जाणतो, म्हणूनच मालकाने किती तास चालवायला लावलं, फोन कुणी केला, याचीही चौकशी त्याच खटल्यात व्हावी. कैद लहान असली तरी चालेल, पण ती खरी असावी आणि वेळेत असावी. आणि चालकाला मृताच्या माणसांसमोर उभं राहून काय झालं ते पूर्ण वाक्यात सांगावं लागावं. ही शेवटची गोष्ट कुठल्याच कलमात नाही. ती मला काकूने सांगितली.

निकालाची पानं घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. ती तेव्हा शहाऐंशीची होती. विचारलं, तुला त्याला काय शिक्षा व्हायला हवी होती? तिने पानं हातात घेतली, वाचली नाहीत.

"सासूबाई फाशी म्हणायच्या," ती म्हणाली. "मला ते कधी वाटलं नाही रे. त्यालाही पोरं होती, कोर्टात आली होती. पण त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. यायला हवं होतं त्याने घरी. सांगायचं, मी बिडी पेटवत होतो, तुमचा नवरा पुढे होता, मला माहीत होतं सकाळी सायकली असतात. एवढं बोलला असता तर मी त्याला चहा दिला असता की हाकलून दिलं असतं, ते माहीत नाही. पण बोलायला हवं होतं."

मग तिने विचारलं, दिव्याची तार तुटलेली होती असं काही लिहिलंय का त्यात? चालकाच्या वकिलाने तसं म्हटलं होतं. मी पान काढून वाचून दाखवलं : पंचनाम्यानुसार सायकलचा दिवा सुस्थितीत होता.

"तेवढं बरं झालं," काकू म्हणाली.